माझ्या नावावर इथे काहीच नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ३४ वर्षांच्या या वाचक चौदा महिन्यांपूर्वी पतीकडे न्यू जर्सीला राहायला आल्या. पती सात वर्षांपासून एच-१बी व्हिसावर इथे नोकरी करतात. या स्वतः भारतात दहा वर्षं अकाउंट्समध्ये होत्या. फ्लॅटच्या कर्जाचा एकही हप्ता चुकला नव्हता, सिबिल स्कोअर आठशेच्या घरात होता. दोन महिन्यांपूर्वी कामाचा परवाना आणि सोशल सिक्युरिटी नंबर हातात आला. नोकरी अजून नाही. त्यांनी एका महिन्यात चार क्रेडिट कार्डांसाठी अर्ज केले आणि चारही नाकारले गेले. उत्पन्नाच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं होतं. बँकेचं खातं, कार्ड, गाडीचं कर्ज, घराची लीज, सगळं पतीच्या नावावर आहे. पतीचं म्हणणं, ‘माझा स्कोअर चांगला आहे, तुला वेगळा कशाला हवा?’ वडिलांची शिकवण अशी, की कर्ज काढायचं ते फक्त घरासाठी. त्या विचारतात: ‘गरज नसताना केवळ नोंद व्हावी म्हणून उधारी करायची का? आणि स्वतःच्या नावाचा हट्ट धरून मी संसारात तुझं-माझं करते आहे का?’

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी वर घेतलं नाही, कारण उत्तराची सुरुवात तिथूनच करायची होती. ‘चौथा नकार आला त्या रात्री वाटलं, माझी पतच गेली.’

पत हा आपल्या भाषेतला फार जड शब्द आहे. पतपेढी, पतपुरवठा असे त्याचे व्यवहारातले अर्थ आहेतच, पण ‘गावात त्यांची पत आहे’ असं म्हणताना माणसाचा शब्द, अब्रू, घराणं सगळंच त्यात येतं. म्हणून बँकेचं ‘नाही’ तुम्हाला इतकं लागलं. अमेरिकेत ज्याला क्रेडिट म्हणतात त्यात यातलं फारच थोडं असतं. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन खासगी कंपन्या कोणी किती उधार घेतलं आणि वेळेवर फेडलं का, याची नोंद ठेवतात. बँकेने तुमच्या नावाचं पान उघडलं तर ते कोरं निघालं. कोऱ्या पानावरून बँकेला चांगलंही वाचता आलं नाही आणि वाईटही. नकाराच्या पत्रात कारण द्यावंच लागतं, आणि तुमच्या चारही पत्रांत ‘क्रेडिट हिस्टरी अपुरी’ असंच लिहिलंय. ‘तुम्ही भरवशाच्या नाही’ असं त्यात कुठेही नाही. मी नवी आले तेव्हा असंच एक पत्र मलाही आलं होतं, आणि मी ते नवऱ्यालासुद्धा दाखवलं नव्हतं. त्यामुळे त्या रात्री तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळतं.

सिबिलची मालकी आज ट्रान्सयुनियनकडेच आहे, तरी तिथली नोंद आपोआप इथल्या फायलीत येत नाही. दहा वर्षं सांभाळलेलं एका विमानप्रवासात शून्य झालं, याचं वाईट वाटणं अगदी साहजिक आहे. ते पूर्ण वाया मात्र जात नाही. काही कार्ड कंपन्या परदेशातली नोंद मागवून बघतात. अमेरिकन एक्सप्रेस नोव्हा क्रेडिट या कंपनीमार्फत भारतातली नोंद विचारात घेते. तुमच्यासारखी स्वच्छ नोंद असेल तर हा दरवाजा एकदा ठोठावून बघावा. पण आज नको. आधी तुमच्या अर्जातल्या त्या शून्याबद्दल बोलू या.

तुम्ही शून्य लिहिलंत कारण पगार नाही, आणि नसलेलं आहे म्हणून सांगणं तुम्हाला पटत नाही. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला, पण इथल्या नियमानुसार शून्यच लिहायला हवं असं नव्हतं. २००९च्या कार्ड कायद्यानंतर काही काळ अर्जदाराचं फक्त स्वतःचं उत्पन्न धरलं जायचं, आणि त्यात घर सांभाळणाऱ्या हजारो बायका अडकल्या. २०१३ मध्ये ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने तो नियम बदलला. अर्जदार २१ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर ज्या पैशावर त्याचा रास्त हक्क आणि वावर आहे ते घरातलं उत्पन्न त्याला अर्जात दाखवता येतं. पतीचा पगार दोघांच्या संयुक्त खात्यात जमा होत असेल, किंवा त्यातली रक्कम नियमितपणे तुमच्या खात्यात येत असेल, तर तो असा पैसा झाला. म्हणजे पुढच्या अर्जात घराचं उत्पन्न लिहिणं हे खोटं बोलणं नव्हे. रकान्यावरचा मजकूर मात्र नीट वाचा: ‘एकूण वार्षिक उत्पन्न’ विचारलंय की ‘नोकरीतला पगार’. नोकरी नसेल तर तिथे नोकरी नाही असंच लिहायचं.

म्हणून या आठवड्यातलं पहिलं काम कार्ड नाही. पतीच्या चेकिंग खात्यात, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या खात्यात, तुमचं नाव मालक म्हणून लागलं पाहिजे, नाहीतर दोघांचं नवं संयुक्त खातं उघडा. ‘मालक म्हणून’ हे शब्द बँकेत मुद्दाम उच्चारा. नुसती सही करण्याची मुभा देणारी सोयही बँका देतात. तिने चेक लिहिता येतो, पण खात्यातला पैसा तुमचा होत नाही. त्याच भेटीत तुमच्या एकटीच्या नावाचं एक लहानसं खातंही उघडा. किमान शिल्लक किती ठेवावी लागते, नाही ठेवली तर महिन्याला किती कापतात, आणि खात्यात पैसे कमी असताना व्यवहार झाला तर काय आकारतात, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. नव्या माणसाला पहिला फटका बहुतेकदा इथे बसतो. जवळपास क्रेडिट युनियन असेल तर तिथेही चौकशी करा. आपल्या पतसंस्थेसारखी ती सभासदांच्या मालकीची असते आणि तिथलं शुल्क बऱ्याचदा कमी असतं. बँकेत एफडीआयसीचं आणि क्रेडिट युनियनमध्ये एनसीयूएचं ठेवींना अडीच लाख डॉलरपर्यंत संरक्षण असतं. संयुक्त खात्यात ते प्रत्येक खातेदारामागे धरतात.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण अनेक वाचक तो वर्षानुवर्षं बाळगतात. बँकेत पैसे ठेवल्याने किंवा डेबिट कार्ड वापरल्याने क्रेडिटची नोंद होत नाही. खात्यात लाखभर डॉलर असलेल्या माणसाचंही क्रेडिटचं पान कोरं असू शकतं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. नोंदीसाठी उधारी करायची का? तुमच्या वडिलांनी शिकवलेलं खरं आहे आणि ते इथेही सोडायचं कारण नाही. त्यांनी सावध केलं ते व्याजापासून आणि ऐपतीबाहेरच्या खर्चापासून. क्रेडिट कार्डाची अख्खी रक्कम मुदतीत भरली तर खरेदीवर व्याज शून्य लागतं. स्टेटमेंट निघाल्यापासून भरायला किमान २१ दिवस मिळतात. जो खर्च तुम्ही एरवीही करणारच होता, समजा फोनचं बिल, तो कार्डावर टाकायचा आणि खात्यात आधीच असलेल्या पैशातून पूर्ण फेडायचा. यात कर्जबाजारी होण्यासारखं काही नाही. ‘थोडी बाकी ठेवावी, म्हणजे स्कोअर वाढतो’ असं सांगणारे हितचिंतक भेटतील. त्यांचं ऐकू नका. बाकी ठेवल्याने स्कोअर वाढत नाही, फक्त व्याज वाढतं, आणि कार्डांचं व्याज आज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर आहे. गरज नसलेल्या गाडीचं किंवा फर्निचरचं कर्ज केवळ नोंदीसाठी काढणं, हे मात्र मी तुमच्या वडिलांइतक्याच ठामपणे नको म्हणेन.

स्कोअरचं गणित अकाउंट्सच्या माणसाला आवडेल असं आहे. सर्वांत जास्त वापरला जाणारा फिको स्कोअर १९८९ पासून आहे आणि तो ३०० ते ८५० च्या दरम्यान असतो. त्यात साधारण ३५ टक्के वजन वेळेवर भरण्याला, ३० टक्के किती उधारी वापरली याला, १५ टक्के नोंद किती जुनी याला, आणि उरलेलं १०-१० टक्के नव्या अर्जांना आणि उधारीच्या प्रकारांना. पगार, शिक्षण, नागरिकत्व यांपैकी काहीही त्यात धरत नाहीत. बँक पगार आणि व्हिसा वेगळा विचारू शकते, ती गोष्ट निराळी. स्कोअर निघायला निदान एक खातं सहा महिने जुनं असावं लागतं. म्हणून घाई करून उपयोग नाही, आणि उशिरा सुरुवात केली तर ते महिने कोणी परत देत नाही.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत आणि मी दोन्ही एकदमच धरायला सांगेन. पहिली म्हणजे पतीच्या जुन्या कार्डावर तुमचं नाव ऑथराइज्ड युजर म्हणून लावणं. कार्ड कंपनीला तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर द्या आणि ‘अशा युजरची नोंद तुम्ही क्रेडिट कंपन्यांना कळवता का?’ हे विचारा. उत्तर हो असेल तर त्या कार्डाचा जुना इतिहास बहुतेकदा तुमच्याही पानावर येतो. ते बिल फेडायची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर येत नाही, आणि नको वाटेल तेव्हा नाव काढता येतं. फक्त ते कार्ड काठोकाठ भरलेलं किंवा हप्ते चुकलेलं नसावं, कारण तो डागही सोबत येतो. पतीकडून एक स्टेटमेंट मागून घ्या. बघायचं म्हणून नव्हे, हिशोब तुम्हाला त्यांच्यापेक्षा चांगला कळतो म्हणून.

पण ही नोंद उसनी असते. कर्ज देणाऱ्याला ती पतीची आहे हे दिसतं, आणि काही जण तिला कमी किंमत देतात. म्हणून दुसरी वाट तुमची एकटीची: सिक्युअर्ड कार्ड. बँकेकडे दोनशे-तीनशे डॉलर अनामत ठेवायचे, साधारण तेवढीच लिमिट मिळते. वेळेवर भरत गेलात तर काही महिन्यांनी बँक अनामत परत करून तेच कार्ड साधं करून देते. कार्ड घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: तिन्ही कंपन्यांना नोंद कळवता का, आणि वार्षिक फी आहे का. फी नसलेली अशी कार्डं मिळतात, त्यामुळे फीचं घेऊच नका. जिथे संयुक्त खातं असेल तिथेच आधी विचारा.

लहान लिमिटच्या कार्डात एक खाचखळगा आहे तो नीट समजून घ्या, कारण यात शिस्तीची माणसंही फसतात. समजा लिमिट ३०० डॉलर आहे. महिन्यात २७० खर्च झाले, आणि मुदतीच्या आत तुम्ही सगळे भरले. व्याज शून्य, उशीर नाही. तरीही स्कोअर खाली येऊ शकतो, कारण बँक बहुतेकदा स्टेटमेंट निघतं त्या दिवशीची बाकी कळवते. तुमच्या पानावर ‘९० टक्के लिमिट वापरलेली’ असं उमटतं. म्हणून स्टेटमेंटच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच बरीचशी रक्कम भरून टाका आणि २०-३० डॉलर राहू द्या. ती बाकी पुढे मुदतीत फिटेलच. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहा, दहाच्या आत राहिलात तर आणखी चांगलं. ऑटोपे लावताना ‘स्टेटमेंटची पूर्ण रक्कम’ हा पर्याय निवडा; ‘किमान रक्कम’ हा पर्यायही शेजारीच असतो आणि घाईत तोच दाबला जातो. कधी विसरलातच तर घाबरून जाऊ नका. लेट फी लागेल, पण क्रेडिटच्या पानावर उशीर चढतो तो ३० दिवस उलटल्यावर. एकदा चढला मात्र, की सात वर्षं तिथे राहतो.

चार अर्जांचं काय? अर्जांमुळे बँकांनी केलेल्या चौकशा दोन वर्षं पानावर दिसतील, पण फिको फक्त पहिले बारा महिने त्या धरतं. नुकसान थोडं आहे. वर सांगितलेलं सिक्युअर्ड कार्ड सोडलं तर निदान दोन-तीन महिने दुसरा नवा अर्ज करू नका. नंतर करताना आधी बँकेच्या ‘पूर्वपात्रता’ चाचणीत बघा. तिने स्कोअरला धक्का लागत नाही. स्वतःचं पान स्वतः बघण्यानेही लागत नाही. तिन्ही कंपन्यांचे रिपोर्ट ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम या अधिकृत ठिकाणी दर आठवड्याला फुकट मिळतात, आणि अर्ज नाकारला गेला असेल तर ज्या कंपनीचा रिपोर्ट वापरला तिच्याकडून ६० दिवसांत एक प्रत मागायचा वेगळा हक्कही आहे. चूक दिसली तर लेखी तक्रार करा. साधारण ३० दिवसांत त्यांना तपास करावा लागतो. पैसे घेऊन ‘स्कोअर दुरुस्त करतो’ किंवा ‘नवा क्रेडिट नंबर मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. असा नंबर वापरणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि व्हिसावर असलेल्या माणसाला तो किती महाग पडेल हे मी वेगळं सांगायला नको.

आता दुसरा प्रश्न. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. तुझं-माझं करते आहे का?

मला वाटतं, ‘आपलं’ हा शब्द तुम्ही दोघं वेगवेगळ्या अर्थाने वापरता आहात. पतीच्या मनात पैसा दोघांचाच आहे, आणि त्याबद्दल मला शंका नाही. पण अमेरिकेत जोडप्याचा एकत्र क्रेडिट स्कोअर नावाची गोष्टच नाही. नोंद एकेका माणसाची असते. त्यांचा स्कोअर कितीही चांगला असला तरी तुमच्या पानावर तो उमटत नाही, जसं त्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स तुम्हाला चालत नाही. लायसन्स काढताना कोणी तुम्हाला ‘तुझं वेगळं कशाला’ म्हटलं नसेल.

त्यांच्याशी बोलताना तक्रारीने सुरुवात करू नका. उद्या घर घ्यायचं ठरलं आणि दोघांचं उत्पन्न दाखवावं लागलं, तर बँक दोघांचे स्कोअर बघेल आणि बऱ्याचदा कमी असलेल्या स्कोअरवर व्याज ठरवेल. तुमचं कोरं पान तेव्हा त्यांच्याही खिशाला लागेल. मग जरा अवघड गोष्टही बोला. आपल्याकडे अशुभ बोलू नये म्हणतात, मीही त्याच घरातली आहे. तरी बोला. खातं एकट्याच्या नावावर असेल, त्यावर वारसही नोंदवलेला नसेल आणि त्या माणसाला काही झालं, तर पत्नीला कोर्टाच्या कागदपत्रांतून जावं लागतं, आणि तोवर भाडं थांबत नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, एकाला तातडीने भारतात जावं लागलं, तरी मागे राहिलेल्याला घर चालवता आलं पाहिजे. यात अविश्वास कुठे आहे?

आणि तुम्ही मागता आहात ते काही नवीन नाही. १९७४ चा समान पतसंधी कायदा येईपर्यंत अमेरिकेतल्या बायकांनाही स्वतःच्या नावावर कार्ड मागितलं की नवऱ्याची सही आणा म्हणून सांगितलं जायचं. त्यांनी भांडून तो हक्क मिळवला. तुम्हाला आता भांडायचं नाही, फक्त वापरायचा आहे. हट्ट हा शब्द तुमच्या पत्रात तीनदा आलाय. तो काढून टाका.

डेबिट कार्डच बरं, असं वाटणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट. क्रेडिट कार्ड चोरीला जाऊन कोणी वापरलं, तर कायद्याने तुमची जबाबदारी ५० डॉलरपर्यंत असते. डेबिट कार्डात दोन दिवसांत कळवलं तर ५०, उशीर केला तर ५०० डॉलरपर्यंत, आणि स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांतही कळवलं नाही तर त्यानंतरच्या नुकसानाला मर्यादाच नाही. शिवाय डेबिटमध्ये पैसे आधी तुमच्या खात्यातून जातात आणि मग परत मिळवायचे असतात.

ज्यांच्याकडे अजून कामाचा परवाना नाही, त्यांनी हे वाचून खचू नये. बँकेत खातं उघडायला सोशल सिक्युरिटी नंबर असलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. परदेशी नागरिकाच्या पासपोर्टचा नंबरही ओळख म्हणून चालतो. एखाद्या शाखेत नाही म्हटलं तर दुसऱ्या बँकेत विचारा, कारण हे प्रत्येक बँक आपापलं ठरवते. पतीसोबत टॅक्स रिटर्न भरताना डब्ल्यू-७ फॉर्म जोडून आयटीआयएन, म्हणजे टॅक्ससाठीचा वैयक्तिक नंबर, मिळतो, आणि काही बँका त्यावरही कार्ड देतात. पुढे सोशल सिक्युरिटी नंबर आला की बँकेला आणि तिन्ही कंपन्यांना कळवून जुनी नोंद त्याला जोडून घ्यायची. ती आपणहून जोडली जाईलच असं धरून चालू नका.

तुमची भारतातली खाती तशीच आहेत, असं पत्रावरून वाटतं. तिथल्या बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं खातं, करून घ्या. आणि दोघांपैकी ज्याच्या परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, त्याने इथे एफबार हा परदेशी खात्यांचा फॉर्म भरायचा असतो. तो टॅक्स नाही, फक्त माहिती देणं आहे, पण चुकवला तर दंड मोठा आहे. संयुक्त खातं दोघांच्याही बेरजेत धरतात.

आणि बँकेत जाण्याआधी एक काम घरीच करा. तुमचा पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि कामाचा परवाना टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव वाचा. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव ही आपली पद्धत इथल्या फॉर्मना कळत नाही. पासपोर्टवर पतीचं नाव तुमच्या नावाला जोडून आलेलं असतं, एका ठिकाणी ते मधलं नाव होतं, दुसरीकडे गळून जातं, तिसरीकडे माहेरचं आडनाव राहिलेलं असतं. अशाने एकाच बाईची दोन पानं तयार होतात आणि दोन्ही अर्धवट राहतात. त्या चार अर्जांत नाव कसं लिहिलं होतंत, तेही काढून बघा. सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे लिहायचं. कार्डावरच चूक असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या; त्याला पैसे पडत नाहीत. मग पतीला सोबत घेऊन बँकेत जा, आणि फॉर्म तुमच्या हाताने भरा.